खुर्ची सोडण्याचे शास्त्र

‘आजोबा हल्ली थकलेत’ हे मराठीतले एक वैद्यकीय निदान आहे. आजोबा आत्ताच जिना चढून आले असून त्यांना लिंबाचे सरबत हवे आहे, असा त्याचा अर्थ नाही. गेल्या दिवाळीला अंगासरशी बसणारा सदरा या दिवाळीला खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो. दळणाचा डबा गिरणीतून आणताना वाटेत दोनदा टेकवावा लागतो. पूर्वी ज्या तापातून चार दिवसांत उठत, त्यातून उठायला आता महिना लागतो, आणि उठल्यावरही माणूस पहिल्यासारखा राहत नाही, असा तो अर्थ आहे. एवढा मजकूर एका ‘थकलेत’मध्ये बसवणाऱ्या भाषेचे कौतुक करावे तेवढे थोडे. वैद्यकशास्त्र याच अवस्थेला ‘फ्रेल्टी’ म्हणते, आणि तिच्या नेमक्या कसोट्या 2001 साली अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडल्या.

कसोट्या पाच आहेत. वर्षभरात काही प्रयत्न न करता साडेचार किलोंहून अधिक वजन उतरणे, काहीही करायचे म्हटले की ओझे वाटणे, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि एकूण हालचाल कमी होणे. यांपैकी तीन लागू पडल्या तर माणूस फ्रेल, एक-दोन लागू पडल्या तर उंबरठ्यावर. पकड मोजायला दवाखान्यात मूठ आवळायचे यंत्र असते. घरात लोणच्याची बरणी असते. झाकण उघडेनासे झाले की पहिला संशय ते घट्ट लावणाऱ्या सुनेवर जातो, स्वतःच्या मनगटावर सहसा जात नाही. चाल 15 फुटांवर मोजतात. म्हणजे दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत. तेवढ्या अंतराला किती वेळ लागतो ही झाली एक पाहणी. तिथे पोहोचल्यावर कशासाठी आलो होतो ते आठवते का, ही दुसरी. तिच्याकडे पुढे यायचे आहे.

पाचवी कसोटी मराठी घरात ओळखणे सर्वांत अवघड, कारण तिथे हालचाल कमी होण्याला आजार म्हणत नाहीत, मान म्हणतात. आपल्याकडे आदराची सुरुवात ‘बसा’ या शब्दाने होते. पाहुण्याला ‘या, बसा’, साहेबांना ‘बसा ना साहेब’, आणि घरातल्या ज्येष्ठांना ‘तुम्ही बसा हो, मी आणतो’. बाबांनी पाण्यासाठी उठायचा नुसता विचार केला, हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, की चार दिशांनी चार माणसे धावतात. कोणी पाणी आणते, कोणी चप्पल पायाशी सरकवते, कोणी टीव्हीचा रिमोट हातात देते. निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ झाल्यावर पुष्कळदा आरामखुर्चीही भेट मिळते. देणाऱ्यांच्या प्रेमाविषयी शंका नाही. पण ज्या वयात मांडीचे स्नायू वापरले नाहीत तर झपाट्याने झडतात, नेमक्या त्याच वयात माणसाला ते वापरण्याची गरज पडू नये अशी चोख व्यवस्था केली जाते. 2007 साली अमेरिकेत निरोगी वयस्कांना दहा दिवस नुसते अंथरुणावर ठेवून पाहिले, तेव्हा त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो मांस त्या दहा दिवसांत गेले होते. वयाबरोबर होणाऱ्या या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 साली सुचवले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘मांसाची तूट’ असा होतो. ही तूट कुठल्याही अर्थसंकल्पातल्या तुटीसारखीच असते: दरवर्षी वाढते आणि घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

आता ती दुसरी पाहणी. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीचे यश बरेचसे यमकात आहे. वैद्यकाला ती मान्य नाही. स्वयंपाकघरात गेल्यावर कशाला आलो ते विसरणे हे तिशीतल्या माणसालाही घडते आणि चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणे हा तर सार्वत्रिक छंद आहे. खऱ्या विस्मरणाची पायरी वेगळी. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यांनी 1999 साली तिची जी व्याख्या केली तिचा गाभा असा: माणसाची स्वतःची किंवा घरच्यांची तक्रार असते, चाचणीत स्मरण त्या वयाच्या मानाने खरोखर उणे भरते, तरी रोजचे व्यवहार त्याचे त्याला जमतात. याला ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ म्हणतात आणि डॉक्टर लाडाने ‘एमसीआय’. हा डिमेन्शिया नव्हे. यातले काही जण पुढे तिकडे जातात, काही आहेत तिथेच थांबतात, काही परतही येतात.

एमसीआय तपासायला एक छोटीशी परीक्षा घेतात. मोका नावाची चाचणी 30 गुणांची असून 26 किंवा अधिक गुण म्हणजे ठीक. घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत चला. मराठी ज्येष्ठ ही परीक्षा परीक्षेसारखीच देतात. 27 मिळाले की ‘तीन कुठे गेले?’ हा प्रश्न येतो, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासलेली व्यक्ती असेल तर फेरतपासणीची मागणीही.

शरीर थकणे आणि स्मरण सैल होणे ही दोन्ही पुष्कळदा हातात हात घालून येतात. 2013 साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने या जोडीला ‘कॉग्निटिव्ह फ्रेल्टी’ असे एकच नाव दिले. पायांचा आणि मेंदूचा एवढा घरोबा कशासाठी, हे स्वीडनमधल्या एका साध्या निरीक्षणावरून कळते. तिथल्या एका वृद्धनिवासातल्या 58 जणांना चालता चालता बोलते केले. 12 जण उत्तर देण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या 12 पैकी 10 जण पडले. हे 1997 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. चालणे आपोआप होते असे वाटते, पण त्यामागे मेंदू सतत हिशेब करत असतो. शिल्लक कमी झाली की दोन्ही खर्च एकदम परवडत नाहीत आणि एक थांबवावा लागतो. ही कसोटी पुण्यात मात्र जपून वापरावी. तिथे चालता चालता थांबणे हे मेंदूची शिल्लक संपल्याचे लक्षण नसून मुद्दा ठासून मांडण्याची पद्धत आहे, आणि बोट उगारायचे तर दोन्ही पाय जमिनीवर लागतात.

उपचाराकडे वळण्याआधी उठाबशांविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. शाळेत पाढे न आल्याबद्दल ज्या दिल्या जात, त्याच. पंच्याहत्तरीला त्या डॉक्टर सांगतात, एवढाच फरक. चाचणीची रीत अशी: बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर दुमडायचे आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजायचे. 75 ते 79 वयाच्या पुरुषाला 11 आणि स्त्रीला 10 वेळा जमले नाही, तर पडण्याचा धोका वाढला असे मानतात. हाताचा आधार घेतला की गुण शून्य. या अटीपाशी पुष्कळांचा स्वाभिमान दुखावतो, कारण दांड्यावर हात रोवून, ‘हे पांडुरंगा’ म्हणत, पहिल्या झोक्यात न जमल्यास दुसऱ्या झोक्यात उठणे हीच उठण्याची रीत आहे असे त्यांनी गेली दहा वर्षे धरून चाललेले असते. पांडुरंगाचा आधार नियमात बसतो, दांड्याचा नाही.

ब्राझीलच्या क्लाउडिओ जिल आराउजो यांची चाचणी याहून सोपी दिसते आणि याहून निर्दय आहे. खुर्ची नाही, घड्याळ नाही. उभ्याचे जमिनीवर बसायचे आणि परत उठायचे. एकूण गुण 10. हात टेकला, गुडघा टेकला की प्रत्येक टेकूला एक गुण वजा, तोल डळमळला की अर्धा. त्यांनी 51 ते 80 वयाच्या 2,002 जणांची ही चाचणी घेतली; 2012 मध्ये निष्कर्ष आले. सर्वांत कमी गुणवाल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतले मृत्यूचे प्रमाण वरच्या गुणवाल्यांच्या पाच-सहा पट होते. आपल्याकडे ही चाचणी दिवसातून दोनदा पाटावर होत असे आणि तिला जेवण म्हणत. शिवाय शौचाला उकिडवे, चुलीपुढे उकिडवे, जात्याशी मांडी, पूजेला मांडी. डायनिंग टेबल, गॅसचा ओटा आणि कमोड या तीन वस्तूंनी घरातल्या ज्येष्ठांच्या दिवसातल्या वीस-पंचवीस बैठका कोणतेही आंदोलन न होता बंद पाडल्या. गुडघे दुखणाऱ्याला या वस्तू वरदान आहेत हे खरेच. पण लग्नातली जमिनीवरची पंगत गेली आणि तिच्याबरोबर संपूर्ण गावाची मोफत तपासणीही गेली. पूर्वी कोण कसा उठतो हे वाढपी बघतच असत.

उपचार म्हणून व्यायाम, आणि तोही वजन उचलण्याचा, हे सांगितल्यावर घरातले लोक डॉक्टरांची पदवी पुन्हा एकदा वाचतात. समजूत अशी असते की या वयात ‘हलका’ व्यायाम करावा. हलका म्हणजे बसल्या जागी मनगटे फिरवणे, मान डावीकडे-उजवीकडे करणे आणि दीर्घ श्वास घेऊन चहा मागवणे. या समजुतीला पहिला जोरदार धक्का 1990 साली बोस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी दिला. वृद्धांच्या संस्थेतले 86 ते 96 वयाचे दहा जण त्यांनी निवडले आणि एका वेळेला जेमतेम पेलेल अशा वजनाच्या 80 टक्क्यांपर्यंतचे वजन पायांनी उचलायला लावले. आठवडे आठ, आठवड्यातून तीनदा. एकाने मध्येच सोडले. उरलेल्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी टाकली. नव्वदीतल्या माणसाने काठी टाकणे ही आपल्याकडे गोष्टीच्या शेवटी देव प्रसन्न झाल्यावर घडणारी घटना आहे. तिथे ती आठव्या आठवड्यात घडली.

चार वर्षांनी त्यांनी शंभर जणांवर मोठा प्रयोग केला, सरासरी वय 87. काहींना व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दहा आठवड्यांत 113 टक्क्यांनी वाढली. नुसते पेय पिणाऱ्यांच्या पदरात काही पडले नाही. डिंकाचे लाडू खाऊन खुर्चीत परत बसणाऱ्यांनी हा निष्कर्ष लाडू संपल्यावर वाचावा.

याचा अर्थ आहार बिनमहत्त्वाचा असा नाही. स्नायू बांधायला विटा लागतात आणि त्या प्रथिनांच्या असतात. वयस्कांनी दर किलो वजनामागे रोज एक ते 1.2 ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे तज्ज्ञांचे म्हणणे आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. साठ किलोंच्या माणसाला हे साठ-सत्तर ग्रॅम होतात. रात्री ‘मला काही नको, नुसता चहा आणि दोन बिस्किटे’ म्हणणाऱ्यांचे गणित दुपारीच चुकलेले असते. वर एकादशी. साबुदाण्यात स्टार्च भरपूर आणि प्रथिने नावापुरती. खिचडीतले दाण्याचे कूट आणि वरचे दही हेच काय ते त्या दिवशी स्नायूंच्या बाजूने लढतात.

व्यायामाचे घटक तीन-चार आहेत आणि सगळे लागतात. इथे ‘मी रोज चालतो’ हा दावा आडवा येतो. चालणे उत्तमच; जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 च्या मार्गदर्शनात आठवड्याला किमान 150 मिनिटे दम लागेल असे काहीतरी करायला सांगितले आहे. पण पासष्टीच्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम हवेत, असेही तिथेच म्हटले आहे. आणि ‘दम लागेल असे’ या शब्दांचा विचार करायला हवा. सकाळी बागेत दोन फेऱ्या मारून कट्ट्यावर दीड तास बसणाऱ्यांना दम लागतो तो चर्चेमुळे. हास्यक्लबही आपला, डॉ. मदन कटारिया यांनी 1995 साली मुंबईत सुरू केलेला, आता जगभर पसरलेला. तिथे जाणाऱ्यांनी जरूर जावे. मात्र हसण्याने पोटाचे स्नायू हलतात, मांडीचे नाही.

ताकदीसाठी जिम लागत नाही. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे एक किलोचे डंबेल, मिठाची पुडी म्हणजे दुसरे. खुर्चीतून झटकन उठायचे आणि तीन मोजत सावकाश बसायचे, कारण वयाबरोबर ताकदीच्या आधी चपळाई जाते आणि घसरलेला पाय सावरायला तीच लागते. आठ-दहा वेळा सहज जमू लागले की वजन वाढवायचे. हे शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे असून तेच सर्वांत कमी पाळले जाते. दोन वर्षे एकच बाटली वर-खाली करणाऱ्याची बाटली तेवढी झिजते.

तोलासाठी न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात घडवलेला कार्यक्रम प्रसिद्ध आहे: ताकदीचे आणि तोलाचे मिळून 17 व्यायाम, पायाला बांधायची छोटी वजने आणि चालणे, सगळे घरच्या घरी. त्याने पडण्याचे प्रमाण सुमारे 35 टक्क्यांनी घटले. त्यात एका पायावर उभे राहणे आहे, टाचेला बोटे लावून रेषेवर चालणे आहे, उलटे चालणेही आहे. एका पायावर उभे राहण्याचा सराव प्रत्येक पुरुष रोज लेंगा घालताना करतो, फक्त कपाटाला टेकून. उलटे चालणे सुरुवातीला ओट्याला धरून करावे. शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहिले तर काय वाटेल, ही शंका येते. त्यांना विस्मरणाचा संशय येणार हे गृहीत धरावे.

खुर्चीचा बसण्याखेरीज उपयोग करण्यात पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचा हात कोणी धरू शकले नाही. पाठ काढून टाकलेली लोखंडी घडीची खुर्ची हे त्यांच्या योगपद्धतीतले एक मुख्य साधन. तिच्यावर वाकतात, तिच्यातून आरपार जातात, तिला धरून लटकतात. स्वतः अय्यंगार नव्वदी ओलांडल्यावरही आसने करत होते.

शरीर आणि स्मरण दोन्ही एकाच वेळी कामाला लावायचे तर जपानकडे पाहावे. तिथल्या आइची प्रांतात ओबू शहरी वार्धक्यशास्त्राचे राष्ट्रीय केंद्र आहे. त्यांनी ‘कॉग्निसाइज’ नावाचा प्रकार काढला. पावले टाकत आकडे मोजायचे आणि तीनच्या पटीतला आकडा आला की टाळी वाजवायची. चुकणे अपेक्षितच असते; बिनचूक जमू लागले की प्रकार अवघड करायचा. मराठी गटात इथे निवृत्त गणितशिक्षकांची अडचण होते, कारण ते चुकायला तयार नसतात. त्यांना उलटे चालत औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणायला लावावी. ज्यांनी ती शाळेत पाठ केली होती त्या पिढीला साडेतीन नव्वे साडेएकतीस हे पाय न अडखळता सांगता आले, तर मेंदूची आणि पोटरीची एकत्र परीक्षा झाली. याच जपानी गटात चालता चालता शेवटच्या अक्षरावरून नवा शब्द सांगण्याचाही खेळ असतो. त्याला आपण भेंड्या म्हणतो आणि बसून खेळतो. बसून, हे पुन्हा लक्षात घ्यावे. दिंडीत मात्र तोंडाने अभंग, हाताने टाळ आणि पायाने पावली असे तिन्ही एकदम चालते, ठेका चुकला तर शेजारचा लगेच पाहतो, आणि याला व्यायाम म्हणायचे कोणाला सुचत नाही, म्हणून कोणी कंटाळतही नाही.

मेंदूला याचा लाभ किती, याबाबत जपून बोलावे. 2011 साली अमेरिकेत 120 वयस्कांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटे चालवले. स्मरणाशी संबंधित असलेला हिप्पोकॅम्पस हा त्यांच्या मेंदूचा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, आणि नुसते अंग ताणणाऱ्यांचा घटला. फिनलंडमध्ये 1,260 जणांवर दोन वर्षे आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर नजर असा चौफेर प्रयोग झाला, त्यातही विचारशक्ती काहीशी सुधारली. 2018 साली अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने एमसीआयच्या रुग्णांना आठवड्यातून दोनदा व्यायाम सांगावा असे डॉक्टरांना कळवले. पण त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष डिमेन्शिया झालेल्या 494 जणांच्या अभ्यासात शरीर तंदुरुस्त झाले आणि विस्मरणाची घसरण थांबली नाही. घर जळून गेल्यावर विहिरीचे माप घेण्यात अर्थ नसतो. उंबरठ्यावर असतानाच सुरुवात करण्याचे कारण हेच.

खबरदारी थोडी पण सक्तीची आहे. छातीत दुखणे, चक्कर, नुकतेच झालेले ऑपरेशन किंवा हाड मोडलेले असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. वजन उचलताना श्वास कोंडू नये. मोठ्याने आकडे मोजले की तो आपोआप सुटतो. सैल स्लिपर आणि ओली फरशी यांनी जितक्या ज्येष्ठांना पाडले आहे तितक्यांना कोणत्याही व्यायामाने पाडलेले नाही.

आणि व्यायामाला अंतिम तारीख नाही. बोस्टनच्या त्या नव्वदीतल्या मंडळींनी प्रयोग संपल्यावर व्यायाम थांबवला, तेव्हा चार आठवड्यांत त्यांच्या कमाल ताकदीतली 32 टक्के ताकद गेली. तेव्हा घरातले कोणी ज्येष्ठ पाण्यासाठी खुर्चीतून उठताना दिसले, तर धावून जाऊन त्यांना ‘बसा’ म्हणू नये. जागचे न हलता आपल्यासाठीही एक पेला आणायला सांगावा.